वसईचे विजेते चिमाजी अप्पा

वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली नावाचे गाव आहे. तेथे नाना फडणविसांचा वाडा आहे, आणि वाड्यामागील घाटावर एका छोट्या दगडी बांधणीत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्याकडे बारकाईने पाहिले तर नवल वाटते. देवळातील घंटेवर गणपती, नंदी किंवा निदान कमळ असावे. परंतु या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी माता आहे आणि १७०७ हे इसवी सन कोरलेले आहे. नाशिकला गोदावरीच्या तीरावर नारोशंकराच्या देवळात अशीच एक प्रचंड घंटा आहे. भीमाशंकरच्या डोंगरातही अशीच एक घंटा लटकलेली आहे. समुद्रापलीकडील धर्माच्या या घंटा सह्याद्रीच्या देवळांत कशा आल्या? त्या कोणी आणल्या? या प्रश्नांचे उत्तर शोधावयास निघालो म्हणजे आपण वसईच्या किल्ल्यापाशी येऊन पोहोचतो, आणि तेथे आपली गाठ पडते ती चिमाजी अप्पांशी.

थोरले बाजीराव पेशवे यांचे नाव ठाऊक नाही असा मुलगा महाराष्ट्रात सापडणार नाही. चिमाजी अप्पा हे त्यांचे धाकटे बंधू. बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे हे दुसरे पुत्र इ. स. १७०७ च्या सुमारास जन्मले. म्हणजे मेणवलीची ती घंटा ओतली गेली, त्याच सुमारास. १७२० साली बाळाजी विश्वनाथ निवर्तले. तेव्हा बाजीराव वीस वर्षांचे होते, आणि अप्पा तर आजच्या तुमच्याएवढेच, बारा-तेरा वर्षांचे. शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे बाजीरावांस दिली. तेव्हापासून पुढील वीस वर्षे या दोन भावांनी एकाच जुवाखाली खांदा द्यावा तसा राज्याचा भार वाहिला.

बाजीराव विजेसारखे होते. आज खानदेशात, तर उद्या माळव्यात. अशा माणसाच्या मागे कोणीतरी स्थिर राहून पैशाची तजवीज करावी लागते, साताऱ्याच्या दरबारात महाराजांची मर्जी सांभाळावी लागते, फौजेला दाणावैरण पोहोचवावी लागते, सरदारांचे रुसवे काढावे लागतात. ही सारी कामे अप्पांकडे असत. बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना, राज्यकारभाराचे धडेही बरेचसे या काकांनीच दिले. पण म्हणून अप्पा केवळ लेखणीचे धनी होते असे समजू नये. १७२८ च्या अखेरीस माळव्यात अमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी बादशाही सुभेदार गिरिधर बहादूर याचा पूर्ण पराभव केला. गिरिधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर हे दोघेही त्या रणात पडले. माळव्याचे दार मराठ्यांना उघडले ते त्या दिवशी. १७३६ साली कोकणात रेवसजवळ त्यांच्या फौजेने सिद्दी सात याला ठार केले आणि जंजिरेकरांचा जोर मोडला. हे सर्व करीत असताना अप्पांची प्रकृती मात्र कधीच धडधाकट नव्हती. खोकला आणि ज्वर त्यांच्या पाठीस लागलेला असे. घरचे सुखही त्यांना थोडेच लाभले. १७३० साली त्यांना पुत्र झाला आणि त्याच महिन्यात त्याची आई रखमाबाई वारली. तो मुलगा म्हणजेच पुढे पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ.

आता आपण वसईकडे वळू. मुंबईच्या उत्तरेस, समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये जी सपाट, पाणथळ पट्टी दमणपर्यंत गेली आहे, तिला मराठे लोक त्या काळी फिरंगाण म्हणत. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तेव्हापासून दोनशे वर्षे हा प्रदेश पोर्तुगालच्या राजाच्या अमलाखाली होता. साष्टी बेट, ठाणे, वसई, माहीम, तारापूर ही सर्व ठाणी त्यांची. मुंबईची बेटेही त्यांचीच होती. ती १६६१ साली राजकन्येच्या आंदणात इंग्लंडच्या राजाकडे गेली. या साऱ्या उत्तर प्रांताची राजधानी वसई. मजबूत तटाच्या आत तेथे एक टुमदार शहर वसले होते. रुंद रस्ते, दुमजली वाडे, निरनिराळ्या पंथांचे मठ आणि देवळे. गोव्याच्या खालोखाल पोर्तुगीजांना या नगराचा अभिमान होता.

पण तटाबाहेरच्या रयतेची स्थिती निराळी होती. गावेच्या गावे पोर्तुगीज सरदारांना आणि मठांना तोडून दिलेली होती. कसणारे भंडारी, आगरी, कोळी, कुणबी. आणि पिकाचा मोठा वाटा जाई तो धन्याच्या घरी. हिंदूंची जुनी देवळे पाडली गेली होती, त्यांना सण-उत्सव उघडपणे करण्यास बंदी होती. बाप मेलेल्या मुलांना नातेवाइकांपासून काढून घेऊन ख्रिस्ती करण्याचा कायदा होता, आणि हे दुःख लोकांच्या अंतःकरणात खोल रुतले होते. सगळेच पाद्री निर्दय होते असे म्हणता येणार नाही. त्यांपैकी कित्येकांनी दुष्काळात आणि आजारात लोकांची सेवाही केली. परंतु राज्याचा कायदाच जेव्हा रयतेच्या देवघरात शिरतो, तेव्हा चार भल्या माणसांचा चांगुलपणा पुरा पडत नाही.

या प्रदेशातील काही पुढारी पुष्कळ वर्षांपासून पुण्याच्या वाटेकडे डोळे लावून होते. भिवंडीजवळील अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे हे त्यांत प्रमुख. कोणत्या खाडीला केव्हा ओहोटी असते, कोणत्या बुरुजावर किती पहारेकरी आहेत, गावोगाव आपले लोक कोण आहेत, याची बारीकसारीक माहिती त्यांनी गोळा केली आणि पेशव्यांपुढे ठेवली. त्याच सुमारास पोर्तुगीजांनी ठाण्याच्या खाडीवर नवा किल्ला बांधावयास घेतला होता. तो पुरा होण्यापूर्वीच घाव घातला पाहिजे, हे उघड होते.

१७३७ च्या वसंतात घाव पडला. मराठ्यांच्या फौजा रात्री खाडी उतरून ठाण्यावर चालून गेल्या. किल्ला अर्धवट बांधलेला; तो हातोहात पडला. पोर्तुगीजांचा सेनापती करंज्याकडे निघून गेला आणि साष्टी बेट मराठ्यांच्या ताब्यात आले. वसईच्या उत्तरेस समुद्रातील अर्नाळा बेटही त्याच वर्षी मिळाले. तेथे नवा किल्ला उभारण्यात आला, आणि त्याच्या दरवाजावरील शिलालेख आजही वाचता येतो. वाटले, की आता वसईही पंधरा दिवसांत हाती येईल.

परंतु वसई आली नाही. मराठ्यांनी तटाला शिड्या लावल्या. वरून गोळ्यांचा आणि पेटत्या दारूच्या मडक्यांचा वर्षाव झाला. दोनदा हल्ले झाले, आणि दोन्ही वेळा माणसे गमावून मागे यावे लागले. पुढे पाऊस लागला. १७३८ च्या आरंभी माहीमच्या किल्ल्याला घातलेला वेढाही वसईहून आलेल्या कुमकेने उधळून लावला. (हे माहीम म्हणजे पालघरजवळचे केळवे-माहीम, मुंबईतले नव्हे.) घोड्यावर बसून शंभर कोस दौड मारणे, शत्रूची रसद तोडणे, मैदानात त्याला घेरणे यांत मराठ्यांचा हात धरणारा तेव्हा कोणी नव्हता. पण युरोपीय पद्धतीने बांधलेल्या, तोफांनी सजलेल्या सागरी किल्ल्यापुढे घोडा काय करणार? येथे निराळी विद्या हवी होती, आणि त्या विद्येला लागणारा धीरही निराळा होता.

१७३८ संपत आले तेव्हा पोर्तुगीजांनीच उलट चाल केली. पेद्रो दे मेलो हा शूर सेनापती ठाणे परत घेण्यासाठी गलबते घेऊन आला. मल्हारराव होळकर ठाण्याच्या बचावास धावून आलेले होते. किनाऱ्यावरून तोफा सुरू झाल्या, आणि एका गोळ्याने दे मेलो जागीच ठार झाला. त्याची गलबते मागे फिरली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोठी फौज घेऊन चिमाजी अप्पा स्वतः कोकणात उतरले.

या खेपेस त्यांनी वसईला हात घातला नाही. झाड तोडण्यापूर्वी शहाणा लाकूडतोड्या आधी भोवतालच्या फांद्या छाटतो, तशी त्यांची रीत होती. १७३९ च्या जानेवारीत प्रथम माहीम घेतले. मग केळवे आणि शिरगाव पडले. मग तारापूर. तारापूरच्या तटावर फार तुंबळ लढाई झाली. तेथे बाजी भिवराव हा तरुण सरदार पडला. तो पेशव्यांच्या घरातल्या मुलासारखा होता. त्याच्या म्हाताऱ्या आईच्या सांत्वनासाठी जे पत्र गेले, ते लिहिताना लिहिणाऱ्याची लेखणी अडखळली असेल. डोंगरातील अशेरीगडही आला. इकडे दक्षिणेस वेसावे आणि उत्तनजवळील धारावीचे ठाणे मराठ्यांनी जिंकले. धारावीचे महत्त्व मोठे होते. ते ठाणे वसईच्या खाडीच्या तोंडाशी, अगदी समोरच्या काठावर होते. तेथे मराठ्यांच्या तोफा बसल्याबरोबर खाडीतून वसईला जाणारी मदत धोक्यात आली. समुद्राच्या बाजूने मानाजी आंग्र्यांची गलबते फिरू लागली. आणि ज्या गोव्याहून सैन्य यावयाचे, त्या गोव्यावरच अप्पांचे मेहुणे, इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे, यांनी स्वारी करून तेथील पोर्तुगीजांना घराबाहेर पडणे अशक्य करून सोडले. मुंबईच्या इंग्रजांकडे वसईकरांनी हात पसरले. इंग्रज व्यापारी होते. त्यांनी देवळांतील चांदीची भांडी आणि काही तोफा तारण ठेवून घेतल्या, पंधरा हजार रुपये कर्ज दिले, आणि लढाईत पडण्याचे टाळले. शेजाऱ्याचे घर जळताना किती पाणी द्यावे याचाही त्यांनी हिशेब मांडला होता!

फेब्रुवारीच्या मध्यास वसईभोवती वेढा पक्का झाला. किल्ल्याची जागा मोठी अवघड. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस खाडी, पूर्वेस चिखल आणि खाजण. चढाई करावयाची तर ती उत्तरेच्या वाळवंटातूनच. त्या बाजूस सेंट सेबास्तियन या नावाचा भक्कम बुरूज होता. अप्पांनी तेथेच आपले मोर्चे लावले. उघड्यावरून चालून जाणे म्हणजे मरण. म्हणून वाळूत वाकडेतिकडे खंदक खणीत, पुढे मातीच्या करंड्यांचा आडोसा करीत, दररोज काही हात पुढे सरकावयाचे, असा क्रम सुरू झाला. वाळूत खणलेला खंदक ढासळे. खाऱ्या वाऱ्याने अंग चिकट होई, गोड पाणी दुरून आणावे लागे. तटावरून अहोरात्र तोफा चालत. रोज माणसे मरत, आणि रोज मोर्चा थोडा पुढे जाई. तटाच्या जवळ पोहोचल्यावर बेलदारांनी भुयारे खणण्यास आरंभ केला. पायाखाली सुरुंग भरून तटच उडवावयाचा, असा हा बेत होता.

त्याच वेळी उत्तरेकडून भयंकर बातमी आली. इराणचा नादिरशहा हिंदुस्थानात उतरला होता. फेब्रुवारी १७३९ मध्ये कर्नाळ येथे त्याने दिल्लीच्या बादशहाचा पराभव केला आणि नंतर दिल्लीत शिरून कत्तल केली. तो आता दक्षिणेकडे वळतो की काय, ही चिंता सर्वांना पडली. बाजीराव उत्तरेकडे निघाले. पण त्यांचे उत्तम सरदार, होळकर आणि राणोजी शिंदे, वसईच्या वाळूत अडकलेले होते. अप्पांवर केवढे संकट! वेढा उठवावा तर दोन वर्षांचे रक्त वाया जाते, आणि भरवसा टाकून मराठ्यांकडे आलेल्या गंगाजी नाइकांसारख्या माणसांची घरेदारे पोर्तुगीजांच्या हाती पडतात. न उठवावा, तर वडील भाऊ थोड्या फौजेनिशी नादिरशहासमोर उभे राहतात. त्यातच मे महिना जवळ येत होता. पावसाळा सुरू झाला की खंदक पाण्याने भरणार आणि फौजेला परतावेच लागणार. अप्पांनी वेढा उठविला नाही. पावसापूर्वी वसई घ्यावयाचीच, असा त्यांनी निश्चय केला.

अशी एक आख्यायिका सांगतात, की किल्ला पडत नसेल तर आपले मस्तक तोफेत घालून तरी तटाच्या आत उडवा, असे अप्पांनी आपल्या सरदारांस बजावले. हे खरोखर घडले की नाही, ते सांगता येत नाही. परंतु त्या दिवसांतील त्यांच्या मनःस्थितीचे चित्र या आख्यायिकेत नेमके उतरले आहे, म्हणूनच ती लोकांच्या तोंडी राहिली.

१३ मे १७३९ रोजी सुरुंगांना बत्ती दिली. पहिल्या धडाक्यासरशी तटाला खिंडार पडले. हरहर महादेवचा गजर करीत मराठे त्यात घुसले, आणि तोच, मागाहून पेट घेतलेला एक सुरुंग त्यांच्याच पायाखाली उडाला. शेकडो माणसे क्षणात दगडमातीसह आकाशात फेकली गेली. वरून पोर्तुगीजांनी हातबाँब आणि जळते पदार्थ फेकून खिंडार पुन्हा अडविले. त्या दिवशी कोणी माघार घेतली असती तर त्यास दोष देता आला नसता. दुसऱ्या दिवशी राहिलेले सुरुंग उडविले आणि पुन्हा हल्ला झाला. या खेपेस सेबास्तियन बुरुजावर मराठ्यांचा पाय ठरला. त्यांनी तेथेच मातीचा आडोसा उभा केला आणि तेथून शहरावर मारा सुरू केला.

किल्ल्यातील लोकही मर्दासारखे लढले होते, हे सांगितलेच पाहिजे. त्यांचा सेनापती सिल्व्हेरा दे मेनेझिस वेढ्यातच मारला गेला होता. त्याच्या जागी कायतान द सोझा परेरा आला. दारूगोळा संपत आलेला, अन्न तुटलेले, आणि गोव्याहून एक जहाजही येण्याची आशा नाही. परेराने पांढरे निशाण उभारले. १६ मे रोजी तह झाला.

चिमाजी अप्पांचे थोरपण कशात, असे कोणी विचारले, तर मी त्यास बुरुजाचे खिंडार दाखविणार नाही. हा तह दाखवीन. दोन वर्षे ज्यांनी हजारो माणसे मारली, ते शत्रू आता हाती आलेले होते. फौज चिडलेली होती, आणि रयतेच्या मनात दोनशे वर्षांचा राग साचलेला होता. तरीही अप्पांनी मान्य केलेल्या अटी उदार होत्या. किल्ल्यातील सैनिकांनी शस्त्रांसह, निशाणे फडकावीत, नगारे वाजवीत बाहेर पडावे. ज्या कुटुंबांस जावयाचे असेल त्यांनी आपली चीजवस्तू घेऊन जावे. त्यासाठी आठ दिवसांची मुदत. आणि जे ख्रिस्ती लोक या मुलखात राहू इच्छितील, त्यांना त्यांचा धर्म पाळण्याची मोकळीक असावी. या अटी पाळल्याही गेल्या. आठवडाभराने, २३ मे रोजी, पोर्तुगीज बाहेर पडले, आणि वसईच्या तटावर मराठ्यांचे निशाण चढले. बाहेर पडलेल्यांपैकी बहुतेक जण मुंबईच्या आश्रयास गेले.

विजयाची किंमत फार जबर होती. मराठ्यांकडील पाच हजारांवर माणसे या वेढ्यात मेली किंवा जखमी झाली. पोर्तुगीजांकडील अशांची संख्या आठशेच्या आसपास सांगतात. तटाच्या आड लढणारा आणि उघड्या वाळूत लढणारा यांच्यातला फरक या दोन आकड्यांत दिसतो. वसईवर चालून जाताना अप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला होता, असे म्हणतात. त्याप्रमाणे शंकराजी केशव या सुभेदाराने तानसेच्या काठी तिचे किल्ल्यासारखे देऊळ बांधले. आणि ओसाड पडलेल्या चर्चांच्या मनोऱ्यांतून उतरविलेल्या घंटा विजयाची खूण म्हणून सरदारांबरोबर घाट चढून गेल्या. त्यांपैकीच एक मेणवलीची, एक नाशिकची.

वसईचे विजेते पुढे दोन वर्षेही जगले नाहीत. परतल्यावर घरातील काही कलहामुळे दोन्ही भावांस मनस्ताप झाला. तो प्रकार येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे बाजीराव अकस्मात वारले. जुवाची दुसरी बाजू निखळली. तशाही स्थितीत अप्पांनी नानासाहेबांना साताऱ्यास नेऊन पेशवाईची वस्त्रे मिळवून दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्तुगीजांशी कायमचा तह झाला, त्यात चौल मराठ्यांना मिळाले. डिसेंबर १७४० मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षाच्या आसपास, पुण्यास अप्पांचा अंत झाला. मुठेच्या काठी ओंकारेश्वराच्या देवळाजवळ त्यांची लहानशी समाधी आहे. सदाशिवराव तेव्हा दहा वर्षांचे होते.

अप्पा गेले, परंतु त्यांनी केलेल्या मोहिमेने उत्तर कोकणाचे रूप कायमचे पालटले. पोर्तुगीजांच्या हिशेबाप्रमाणे या युद्धात त्यांची वीस किल्ल्यांसह सुमारे ३४० गावे गेली. ज्या सत्तेने एके काळी अरबी समुद्रावर हुकूम चालविला, ती आता गोवा, दमण आणि दीव एवढ्यापुरतीच उरली, ती थेट १९६१ पर्यंत. वसईला काही काळ बाजीपूर हे नाव मिळाले. शंकराजी केशव सुभेदार झाले. उजाड झालेल्या गावांत पुन्हा वस्ती झाली. निर्मळच्या तीर्थाची यात्रा पुन्हा भरू लागली.

एक परिणाम मात्र असा झाला, की तो कोणी योजिलेला नव्हता. पोर्तुगीज गेल्यावर मुंबईचे इंग्रज दचकले. काल खाडीपलीकडे दुबळा शेजारी होता, आज तेथे मराठे आले. त्यांनी तातडीने कॅप्टन इंचबर्डला वसईस अप्पांकडे पाठवून जुलै १७३९ मध्ये व्यापाराचा तह केला. त्याच वेळी मुंबईच्या तटाभोवती खंदक खणावयास घेतला. शहरातील व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी दिली. वसईतील पैसेवाले मुंबईस गेलेच होते. अशा रीतीने वसईची कळा उतरली आणि मुंबईची चढली. पुढे १७७४ साली इंग्रजांनी साष्टी बळकावली. १७८० मध्ये वसईही घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती परत दिली. साष्टी मात्र त्यांनी सोडली नाही. आज जी मुंबई बांद्र्यापासून दहिसरापर्यंत पसरली आहे ती याच बेटावर. आणि अप्पांनी ज्या वसईसाठी प्राण पणास लावले, त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांच्या भावाच्या पणतवाने नव्हे, नातवाने, दुसऱ्या बाजीरावाने, इंग्रजांची तैनाती फौज पत्करून आपले स्वातंत्र्य लिहून दिले. इतिहासात अशी क्रूर थट्टा क्वचित आढळते.

परंतु अप्पांच्या तहाचे एक कलम आजही जिवंत आहे. जे ख्रिस्ती मागे राहिले, ते पोर्तुगीज नव्हतेच. ते याच मातीतले शेतकरी, कोळी आणि माळी होते. कोणी त्यांस हुसकावले नाही. वसईच्या वाड्यांतून त्यांनी केळीच्या, पानवेलींच्या आणि फुलांच्या बागा फुलविल्या. त्यांची बोली मराठीच्याच कुळातली, त्यांच्या लग्नगीतांतले शब्द आपल्याला सहज कळतील असे. याच वसईतील नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले, आणि २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

वसईचा किल्ला पाहावयास गेलात तर त्याच्या उत्तरेच्या तटापाशी थोडा वेळ थांबा. आत चर्चांच्या छप्पर उडालेल्या भिंती उभ्या आहेत. पिंपळाची मुळे त्यांच्या कमानींत शिरली आहेत. त्यांच्यापासून जवळच नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे देऊळ आहे, आणि अलीकडच्या काळात उभारलेला चिमाजी अप्पांचा पुतळाही आहे. मनोऱ्यांतील घंटांच्या जागा रिकाम्या आहेत. तटाबाहेर कोळणी बोंबील वाळत घालीत असतात, आणि जवळच्या गावातील नव्या चर्चची घंटा संध्याकाळी तेथपर्यंत ऐकू येते.